महामार्गालगतचे घर : खरेदीपूर्वी करावयाचा विचार

बाह्यरुग्ण विभागात तपासणी पूर्ण होते, औषधांची चिठ्ठी हाती येते आणि खुर्चीवरून उठता उठता रुग्णाचे नातेवाईक एखादा प्रश्न विचारतात. अलीकडे वारंवार कानी येणारा असाच एक प्रश्न आहे : "डॉक्टरसाहेब, रोडटच घर मिळत आहे. भावही बरा आहे. पण आईला दम्याचा त्रास आहे. घ्यावं का नाही?"

वरकरणी हा प्रश्न वैद्यकशास्त्राचा नाही, व्यवहाराचा आहे. परंतु आम्ही लिहून दिलेले औषध पाच दिवस चालते. घर मात्र एका पिढीला पुरते. त्याचे हप्ते पंधरा-वीस वर्षे फेडावे लागतात आणि तितकीच वर्षे त्या घराची हवा श्वासावाटे शरीरात जाते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर उठता उठता देणे योग्य नव्हे. ते सविस्तर देण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

रस्ता हा आरोग्याचा मित्रही आहे

प्रथम रस्त्याच्या बाजूने बोलणे न्यायाचे होईल. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा पावसाळ्यात संपर्क तुटणारी वाडी-तांडे ही येथील मोठी अडचण होती. काळ्या मातीच्या चिखलातून बाळंतीण, सर्पदंशाचा रुग्ण किंवा छातीत कळ आलेला वृद्ध बाजेवर घालून आणावा लागे. पक्का रस्ता झाला की रुग्णवाहिका दारापर्यंत पोहोचते आणि वाचणारा प्रत्येक क्षण मोलाचा ठरतो. शाळा, बाजार, एस.टी. थांबा, दुकानाची संधी ही सारी रस्त्याचीच देणगी होय.

तेव्हा रस्ता हवाच. विचार करावयाचा तो एवढाच, की तो घरापासून किती अंतरावर असावा. दोनशे मीटर चालण्यास निरोगी माणसाला दोन-तीन मिनिटे लागतात. रस्त्याचे जवळपास सर्व लाभ या अंतरावरूनही मिळतात. त्याचे बरेचसे दुष्परिणाम मात्र या अंतरात विरून जातात.

धूर आणि धूळ : मीटरचा हिशेब

वाहनाच्या धुरातील अतिसूक्ष्म कण, काजळी व नायट्रोजन डायऑक्साइड यांचे प्रमाण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असते. तेथून दूर जाऊ लागताच ते झपाट्याने घटते आणि काहीशे मीटरवर परिसरातील सर्वसाधारण हवेच्या पातळीला येते. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट या संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०१० साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सर्वाधिक बाधित असल्याचे त्यांनी नमूद केले. आणि मुलांचा दमा बळावण्यास वाहनांचे प्रदूषण कारणीभूत ठरते, असे म्हणण्याइतका पुरावा असल्याचा निष्कर्ष काढला.

कॅलिफोर्नियात ३,६०० हून अधिक मुलांच्या फुप्फुसांची वाढ आठ वर्षे मोजण्यात आली. द्रुतगती मार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची वाढ, दीड किलोमीटर वा त्याहून दूर राहणाऱ्या मुलांच्या तुलनेत कमी आढळली. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. बालपणी फुप्फुसे वाढावयाची राहिली, तर ती उणीव पुढे भरून निघणे कठीण असते. त्याच राज्याच्या हवा-नियामक मंडळाने २००५ साली सल्ला दिला होता, की दररोज ५०,००० वाहने जाणाऱ्या ग्रामीण रस्त्यापासून अथवा एक लाख वाहने जाणाऱ्या शहरी रस्त्यापासून ५०० फुटांच्या, म्हणजे सुमारे १५० मीटरच्या, आत नवी घरे बांधू नयेत.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे एवढी वर्दळ कोठे आहे? आक्षेप रास्त आहे. परदेशातील आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. परंतु आपल्या रस्त्यांवर जुनी डिझेल वाहने, ट्रॅक्टर व मालवाहू ट्रक यांचा वाटा मोठा आहे, आणि कडेच्या कच्च्या पट्ट्यातील धूळ सतत उडत असते. १ एप्रिल २०२० पासून नव्या वाहनांना भारत स्टेज-६ ही कठोर मानके लागू झाली, ही दिलासा देणारी बाब होय. तथापि जुनी वाहने अजून धावत आहेत, आणि टायर, ब्रेक व रस्त्याची झीज यांतून निघणारी धूळ इंजिन सुधारल्याने थांबत नाही.

वाऱ्याची दिशाही ध्यानात घ्यावी. आपल्याकडे पावसाळ्यात वारा प्रामुख्याने नैऋत्य-पश्चिमेकडून, तर हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून वाहतो. पावसाने हवा धुतली जाते. हिवाळ्याच्या पहाटे मात्र जमिनीलगतची थंड हवा स्थिर राहते व धूर खालीच साचतो. दम्याच्या रुग्णांना हाच काळ जड जातो. म्हणून अन्य सर्व गोष्टी समान असतील, तर रस्त्याच्या पूर्वेकडील घर पश्चिमेकडील घरापेक्षा किंचित बरे.

आवाज आणि झोप

धूर डोळ्यांना दिसतो. आवाजाची मात्र "सवय होते" असे म्हणून आपण सोडून देतो. ही सवय मनाला होते, शरीराला पुरती होत नाही. झोपेत हॉर्न वाजला की माणूस जागा झाला नाही, तरी नाडी जलद होते, रक्तदाब क्षणभर चढतो आणि झोप उथळ होते. हे रात्रीतून अनेकदा, वर्षानुवर्षे घडत राहिले, तर उच्च रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो.

आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनातही वाहतुकीच्या रात्रीच्या आवाजाची शिफारस ४५ डेसिबलचीच आहे. दोघांत बोलताना होणारा साधा आवाज सुमारे ६० डेसिबल असतो, यावरून ही मर्यादा किती खाली आहे ते कळेल.

धुराइतक्या झपाट्याने आवाज घटत नाही. सलग वाहत्या रस्त्यापासून अंतर दुप्पट केले, तर मोकळ्या जागी आवाज सुमारे ३ डेसिबलनेच कमी होतो. झाडांची एक ओळ मनाला गारवा देते, परंतु आवाज फारसा अडवत नाही. रस्ता नजरेआड करणारी पक्की भिंत किंवा मध्ये उभी असलेली दुसरी इमारत अधिक उपयोगी पडते. त्यामुळे रस्त्याला लागून असलेल्या पहिल्या रांगेतील घरापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतील घर, अंतर थोडेच वाढले तरी, बरेच शांत असते.

भिंतींना गेलेले तडे पाहून दोष ट्रकच्या हादऱ्यांना दिला जातो. खड्ड्यांच्या रस्त्यालगत हादरे जाणवतात हे खरे. पण आपल्या भागात काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. अनेकदा तड्यांचे मूळ तेथे असते. घर घेण्यापूर्वी पाया कसा भरला आहे, हे जाणकार अभियंत्याकडून पाहून घ्यावे.

उंबरठा आणि डांबर

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. राष्ट्रीय महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या सुमारे दोन टक्के, परंतु मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक मृत्यू त्यांवर झाले. मृतांमध्ये जवळपास पाचवा हिस्सा पायी चालणाऱ्यांचा होता.

ज्या घराचा उंबरठा ओलांडताच डांबर लागते, तेथे चेंडूमागे धावणारे मूल व कमी ऐकू येणारे आजोबा दोघेही रोज संकटाशेजारी वावरतात. अकोला-वाशिमकडून हिंगोली, कळमनुरी, आखाडा बाळापूरमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ गेल्या काही वर्षांत रुंद झाला आहे. वारंगा फाट्यावर त्याला तुळजापूर-नांदेड-यवतमाळ-बुटीबोरी हा महामार्ग ३६१ मिळतो. रस्ता सुधारला की वेगही वाढतो. शाळा, विहीर, गोठा किंवा देऊळ रस्त्यापलीकडे असेल, तर दिवसातून किती वेळा आणि कोणाला रस्ता ओलांडावा लागेल, हे मोजून पाहावे.

रस्ता आहे तेवढाच राहत नाही

घर घेणारा आजची वर्दळ पाहतो. पण राहणार असतो पुढील वीस वर्षांच्या वर्दळीत. रस्ता रुंद झाला की आज तीस मीटरवर असलेली कडा उद्या दहा मीटरवर येते, आणि कधी घराचा काही भागच संपादनात जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८० च्या मानकांनुसार मोकळ्या ग्रामीण भागात राष्ट्रीय व राज्य महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत बांधकाम नसावे आणि ७५ मीटरपर्यंतच्या बांधकामावर नियंत्रण असावे, अशी अपेक्षा आहे. वस्तीत ही अंतरे कमी असतात.

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ नुसार भूसंपादनाचा इरादा कलम ३ ए अन्वये राजपत्रात जाहीर होतो आणि कलम ३ डी अन्वये घोषणा होताच जमीन केंद्र शासनाकडे निहित होते. म्हणून सातबारा, अकृषिक परवानगी व बांधकाम परवाना यांसोबतच, संबंधित गटासाठी अशी अधिसूचना निघाली आहे काय, याची चौकशी उपविभागीय अधिकारी कार्यालयात करावी. बांधकाम रेषेची माहिती रस्त्याची देखभाल करणाऱ्या कार्यालयातून लेखी घ्यावी. विक्रेत्याचा शब्द पुरेसा मानू नये.

घर पाहावयास जाताना

घर बहुधा रविवारी दुपारी, वर्दळ कमी असताना दाखविले जाते. इसाराची रक्कम देण्यापूर्वी आणखी तीन वेळा तेथे जावे : रात्री दहानंतर, पहाटे पाचच्या सुमारास आणि आठवडी बाजाराच्या दिवशी. ऊसतोडीच्या हंगामात, अथवा हिंगोली व वसमतच्या बाजारात हळद येऊ लागते त्या दिवसांत गेल्यास खरी वाहतूक दिसते.

झोपावयाच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून दहा मिनिटे बसावे. दोन हात अंतरावरील माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर निवासी मर्यादा केव्हाच ओलांडली आहे असे समजावे. गतिरोधक, चढ, चौक, थांबा किंवा ढाबा जवळ आहे काय ते पाहावे. कारण ट्रक थांबतो व पुन्हा निघतो तेथे धूर आणि आवाज दोन्ही अधिक. शेजाऱ्यांना विचारावे, की रात्री झोप लागते का आणि मुलांना खोकला किती असतो.

घर आधीच घेतले असल्यास

ज्यांचे घर रस्त्यालगतच आहे, त्यांनी घाबरून जाऊ नये. झोपण्याची खोली मागील बाजूस घ्यावी आणि रस्त्याकडील खोली बैठकीसाठी किंवा दुकानासाठी वापरावी. मागील खिडक्या उघड्या ठेवून वर्दळीच्या वेळी पुढील खिडक्या बंद कराव्यात. केर झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. घरात चूल पेटत असेल, तर सर्व खिडक्या लावून घेणे अधिक घातक होय. तेथे रस्त्याच्या धुरापेक्षा चुलीच्या धुराचाच बंदोबस्त आधी करावा. दम्याच्या रुग्णाने श्वासावाटे घ्यावयाचे नियमित औषध बरे वाटताच बंद करू नये. कुंपणास एकच फाटक ठेवून त्याला आतून कडी लावावी.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. घरात लहान मूल, गर्भवती, दमेकरी किंवा हृदयरुग्ण असेल आणि घर मोठ्या रस्त्यापासून पन्नास मीटरच्या आत असेल, तर भाव कितीही बरा असला तरी शक्यतो घेऊ नये. कमी भावातून वाचलेले पैसे औषधांत जाण्याची शक्यता असते. पन्नास ते दीडशे मीटरच्या दरम्यान असल्यास मध्ये आड आहे काय, झोपण्याची खोली कोणत्या बाजूस आहे आणि रस्ता ओलांडावा लागतो काय, यांवर निर्णय घ्यावा. दोनशे मीटरच्या पलीकडे असेल, तर रस्त्याच्या कारणावरून तो व्यवहार सोडण्याची गरज बहुधा नाही.

ही अंतरे म्हणजे कायदा नव्हे. उपलब्ध ज्ञानावरून धरलेला अंदाज आहे. कोणाची ऐपत, कोणाचा व्यवसाय, कोणाची निकड वेगळी असते. पोट रस्त्यावरच्या दुकानावर चालत असेल, तर दुकान रस्त्याला ठेवून बिऱ्हाड मागे नेण्याचा मार्ग असतोच. थोडक्यात, रस्ता हाकेच्या अंतरावर असावा, उशाशी नसावा. घराचा सौदा ठरविताना चौरस फुटांचा हिशेब आपण करतोच. त्याबरोबर रस्त्यापासूनच्या मीटरांचाही केला, तर आमच्या बाह्यरुग्ण विभागातील काही खेपा निश्चितच वाचतील.