इसब
गतवर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या कोपरांच्या लवणींत इसबाचे चट्टे उठले. शेजारचीं मुलें दूर सरकूं लागलीं, व आम्हींही त्यास निराळ्या बाकावर बसविलें. ही आमची चूक होती. इसब हा संसर्गजन्य विकार नव्हे.

पुष्कळ रोग्यांच्या त्वचेंत फिलाग्रिन नांवाचें प्रथिन जन्मतःच कमी असतें, असें २००६ सालीं आढळून आलें. त्यामुळें त्वचेंतील ओलावा उडून जातो, ती कोरडी पडते, खाज सुटते. खाजविलें कीं ती फाटते आणि खाज दुप्पट होते. मुलास नुसतें "खाजवूं नकोस" म्हणून रागावणें व्यर्थ आहे.

स्नान कोमट पाण्यानें व थोडक्यांत आटोपावें. अंग खसखसून न पुसतां टिपावें, व तें ओलसर असतांनाच पेट्रोलियम जेली लावावी. नखें कापलेलीं असावींत. लोकर अंगास लागूं देऊं नये. स्टेरॉइडचें मलम १९५२ पासून वापरांत आहे व गुणकारीही आहे. मात्र तें डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच लावावें, दुकानदाराच्या नव्हे. दूध, अंडीं आपल्याच मतानें बंद करून वाढत्या मुलास उपाशी ठेवणें तर अगदींच गैर!

तो विद्यार्थी आतां आपल्या जुन्या बाकावर बसतो. दप्तरांत जेलीची डबी असते. मधल्या सुट्टींत शेजारचा मुलगाच तिची आठवण देतो.