माती पाणी किती पिते?

मांडव्याच्या किनाऱ्यावरून आपण आत चालू लागलो की पुळण लागते, नारळ-सुपारीच्या वाड्या लागतात, पुढे भातखाचरं. पाऊस सगळीकडे सारखाच. मग एके ठिकाणी पाणी मुरतं, दुसरीकडे साचतं, ते का?

जलशास्त्रात मातीचे अ, ब, क, ड असे चार गट करतात. कसोटी एकच: पूर्ण भिजल्यावर माती तासाला किती पाणी आत घेते? मस्ग्रेव्ह यांच्या १९५५च्या आकड्यांनुसार ‘अ’, म्हणजे खोल वाळू, ७.६ मिलिमीटरहून जास्त, ‘ब’ ३.८ ते ७.६, ‘क’ १.३ ते ३.८; ‘ड’, म्हणजे चिकणमाती, त्याहूनही कमी. ‘भिजल्यावर’ हे विसरायचं नाही. भेगाळलेली काळी माती पहिली सर घटाघटा पिते. फुगली की भेगा मिटतात.

मग ‘अ’ चांगली, ‘ड’ वाईट असं म्हणायचं का? भातासाठी आपणच चिखलणी करून माती मुद्दाम मिटवतो. खाचरात पाणी उभं राहायला हवं ना! वाडीतल्या विहिरीचं मात्र उलट. वाळूत मुरलेलं गोडं पाणीच समुद्राचं खारं पाणी मागे रेटून धरतं. त्या वाळूवर भराव टाकला, रोलर फिरवला, फरशी घातली, तर नकाशात ती ‘अ’च राहते, पण वागते ‘ड’सारखी. मग हळूहळू विहीर मचूळ होते.

तेव्हा गट विचारताना आपण दोन गोष्टी विचाराव्यात: पाणी कशासाठी हवंय, आणि या मातीवर आपण काय करून ठेवलंय?