झांकली मूठ : खाजगी माहिती व नवा कायदा

गेल्या वर्षीं शालान्त परीक्षेचा निकाल लागून आठच दिवस झाले असतील. एका विद्यार्थिनीचे वडील आमच्याकडे आले व उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, माझी मुलगी गणितांत नापास झाली हें मीं माझ्या सख्ख्या भावासही सांगितलेलें नाहीं. मग शिकवणीच्या वर्गवाल्यांचे फोन मला कसे येतात? ते तिचें नांव घेतात, तिचे गुण सांगतात, आणि पुरवणी परीक्षेसाठीं प्रवेश केव्हां घेतां म्हणून विचारतात!"

त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून चौकशी केली तेव्हां कळलें कीं, नांव, गुण व पालकांचा मोबाइल क्रमांक अशी वर्गाची यादी आम्हींच तयार केली होती आणि केवळ सोयीसाठीं ती फोनवरून चारचौघांकडे पाठविली होती. तेथून ती आणखी कोणाकडे गेली, तेथून आणखी कोणाकडे, याचा माग लागला नाहीं. आमच्या मनांत वाईट हेतु नव्हता, पण एका घरानें झांकून ठेवलेलें दुःख आमच्या हातून चव्हाट्यावर आलें. त्या दिवसापासून या विषयाचा कायदा आम्ही लक्षपूर्वक वाचूं लागलों. त्यांतून जें समजलें तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सोप्या रीतीनें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे कीं, हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला नाहीं. सन १८९० मध्यें अमेरिकेंत सॅम्युएल वॉरन व लुई ब्रँडाइस या दोन वकिलांनीं हार्वर्ड विद्यापीठाच्या कायदेविषयक नियतकालिकांत खाजगीपणाच्या हक्काविषयीं एक लेख लिहिला. त्या काळीं क्षणांत छायाचित्र घेणारे कॅमेरे नवे निघाले होते व वर्तमानपत्रें लोकांच्या घरगुती गोष्टी छापूं लागलीं होतीं. नवें यंत्र आलें म्हणजे जुना कायदा तोकडा पडतो, हें त्या दोघांनीं ओळखलें. पुढें संगणक आले. सरकारी कचेऱ्यांतील दप्तरें यंत्रांत गेलीं, आणि जर्मनींतील हेसे प्रांतानें सन १९७० मध्यें माहितीच्या संरक्षणाचा जगांतील पहिला कायदा केला.

आपल्या देशांतील हकीकत अधिक बोधप्रद आहे. उत्तर प्रदेशांत खरकसिंग नांवाच्या एका मनुष्यावर दरोड्याचा आरोप आला होता, पण पुराव्याच्या अभावीं तो सुटला. तरीहि पोलिसांनीं त्याच्यावर पाळत ठेविली. रात्रीं अपरात्रीं ते त्याच्या घराचें दार ठोठावीत. त्यानें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. सन १९६२ च्या डिसेंबरांत सहा न्यायाधीशांनीं निकाल दिला कीं, रात्रींच्या झडत्या बेकायदेशीर आहेत, परंतु खाजगीपणा हा राज्यघटनेनें दिलेला मूलभूत हक्क नव्हे. तत्पूर्वीं सन १९५४ मध्यें आठ न्यायाधीशांच्या पीठानेंहि दुसऱ्या एका खटल्यांत असेंच मत दिलें होतें. त्यामुळें पुढें कित्येक वर्षें हा हक्क अर्धवट उजेडांत व अर्धवट अंधारांत राहिला.

त्याला पूर्ण उजेडांत आणण्याचें श्रेय एका वृद्ध गृहस्थाकडे जातें. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांनीं सन २०१२ मध्यें, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षीं, आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. कोट्यवधि लोकांच्या बोटांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांच्या खुणा सरकार घेतें, तें कोणत्या कायद्यानें, असा त्यांचा सवाल होता. खाजगीपणा हा मूलभूत हक्क मुळीं आहे काय, हा प्रश्न नऊ न्यायाधीशांपुढें गेला, आणि ता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं त्या नवांनींहि एकमतानें "होय, आहे" असें उत्तर दिलें.

या निकालांतील एक गोष्ट विद्यार्थ्यांनीं विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सन १९७६ मध्यें, आणीबाणीच्या काळांत, सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें असा निवाडा केला होता कीं, विनाचौकशी अटकेंत ठेवलेल्या मनुष्यास आपल्या सुटकेसाठीं न्यायालयांत दाद मागतां येणार नाहीं. त्या बहुमतांत न्या. यशवंतराव चंद्रचूड हे होते. सन २०१७ च्या निकालपत्राचा मुख्य भाग लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे त्यांचेच चिरंजीव, आणि त्यांनीं वडिलांचा तो निवाडा गंभीर स्वरूपाच्या चुकीचा होता असें लिहून रद्द ठरविला. वडिलांविषयींचा आदर व सत्याविषयींचा आदर या दोहोंचा मेळ कसा घालावा, याचा हा वस्तुपाठच आहे.

हक्क मान्य झाला, पण तो राबविण्यास कायदा हवा होता. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालीं समिति आधींच नेमली गेली होती. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी केली तेच हे न्यायाधीश होत. समितीनें सन २०१८ मध्यें अहवाल व कायद्याचा मसुदा दिला. सन २०१९ मध्यें विधेयक आलें व २०२२ मध्यें मागें घेतलें गेलें. अखेर ऑगस्ट २०२३ मध्यें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. संस्थांना तयारीस अवधि मिळावा म्हणून मुख्य कलमें अठरा महिन्यांनंतर अमलांत येतील असें त्या वेळीं जाहीर करण्यांत आलें.

आतां हा कायदा काय म्हणतो तें पाहूं. त्याची मूळ कल्पना अगदीं साधी आहे. शेजारणीनें गांवास जातांना आपले दागिने आपणापाशीं ठेवावयास दिले, तर ते आपले होत नाहींत. ते घालून आपण लग्नास जाऊं शकत नाहीं, गहाण टाकूं शकत नाहीं, आणि मागतांच परत करावे लागतात. कायद्याच्या दृष्टीनें माहिती ही तशीच ठेव आहे, आणि जो ती घेतो तो तिचा विश्वस्त. माहिती ज्याची, तोच तिचा धनी.

यांतून पुढील गोष्टी ओघानेंच येतात. पहिली, माहिती कशासाठीं हवी हें विश्वस्तानें आधीं स्पष्ट सांगितलें पाहिजे. ही सूचना इंग्रजींत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांतील बावीस भाषांपैकीं कोणत्याहि भाषेंत मागतां येते, म्हणजे मराठींतहि मागतां येते. दुसरी, संमति स्वखुशीची असली पाहिजे व ती देणें जितकें सोपें तितकेंच परत घेणेंहि सोपें असलें पाहिजे. तिसरी, एका कामासाठीं घेतलेली माहिती दुसऱ्याच कामास लावतां येत नाहीं. चौथी, आपली माहिती पाहण्याचा, चूक असल्यास दुरुस्त करून घेण्याचा, व काम संपल्यावर ती पुसून टाकावयास लावण्याचा धन्यास हक्क आहे. पांचवी, माहिती सुरक्षित ठेवण्यांत हयगय झाली तर विश्वस्तास २५० कोटि रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो.

मुलांविषयींचें कलम पालकांनीं अवश्य समजून घ्यावें. या कायद्यानें अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ति मूल समजली जाते. मुलाची माहिती घेण्यापूर्वीं आईवडिलांची, आणि ती खरोखर आईवडिलांचीच आहे अशी पडताळून पाहतां येईल अशी, संमति लागते. मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवणें व त्यांच्या आवडीनिवडी हेरून त्यांस उद्देशून जाहिराती दाखविणें यांस मनाई आहे. शाळांना शिक्षणापुरती व मुलांच्या सुरक्षिततेपुरती देखरेखीची सूट नियमांत दिली आहे, परंतु यादी शिकवणीच्या वर्गास पोहोंचविणें हें त्या सुटींत बसत नाहीं.

कायद्यांत उणीवा नाहींत असें मात्र नव्हे. सरकारास आपल्या कांहीं खात्यांना या कायद्यांतून वगळण्याची मुभा आहे. सन २०१९ च्या विधेयकांतील अशाच मुभेवर स्वतः न्या. श्रीकृष्ण यांनीं उघड टीका केली होती. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांत या निमित्तानें केलेल्या बदलामुळें सार्वजनिक कारभारावरील प्रकाश मंद होईल, अशीहि भीति अनेकांनीं बोलून दाखविली आहे. शिवाय दंडाची रक्कम सरकारी तिजोरींत जाते. ज्याचें नुकसान झालें त्यास तींतून कांहीं मिळत नाहीं.

आणखी एक मर्यादा विद्यार्थ्यांनीं ओळखावी. जी माहिती आपण स्वतःच जगजाहीर करतों, तिला हा कायदा लागूं होत नाहीं. रात्रीं उत्साहाच्या भरांत आपला फोटो, घरचा पत्ता किंवा मित्राची कुचेष्टा मोबाइलवर सर्वांसमोर मांडली, तर सकाळीं कायद्याकडे धांव घेऊन उपयोग नाहीं. झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आमच्या वाडवडिलांनीं उगीच केलेली नाहीं.

माहिती एकदां जमली कीं, तिजवर निर्णय घेणारें यंत्र येतें. त्यासच लोक कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. असंख्य जुने दाखले पाहून नव्याविषयीं अंदाज बांधणें, हें त्याचें मुख्य काम होय. अंदाज चुकला तर काय होतें, हें हॉलंडच्या उदाहरणावरून दिसेल. तेथें मुलांच्या संगोपनासाठीं आईबापांना सरकारी मदत मिळते. कर खात्यानें संशयित अर्ज हुडकण्यासाठीं यंत्राची योजना केली, आणि अर्जदार परदेशी नागरिक असणें ही यंत्राच्या हिशेबीं संशयाची एक खूण ठरली. हजारों निरपराध आईबाप लबाड ठरले व कित्येकांस सर्व मदत परत करण्याचे हुकूम झाले. घरें कर्जांत बुडालीं. चोर सोडून संन्याशास फांशी, असा तो प्रकार झाला. सत्य बाहेर आलें तेव्हां जानेवारी २०२१ मध्यें तेथील संपूर्ण मंत्रिमंडळास राजीनामा द्यावा लागला. यंत्रानें शेरा मारला होता खरा, पण त्या शेऱ्याखालीं डोळे मिटून सही करणारीं माणसेंच होतीं.

अशा अनुभवांनंतर युरोपियन संघानें सन २०२४ मध्यें कृत्रिम बुद्धिमत्तेचा स्वतंत्र कायदा केला. जितका धोका अधिक तितकें बंधन अधिक, हें त्याचें तत्त्व आहे. कांहीं गोष्टींस तर फेब्रुवारी २०२५ पासून सरसकट बंदी झाली. त्यांतली एक शाळांशीं संबंधित आहे : वर्गांत मुलांच्या चेहऱ्यांवरून त्यांच्या मनांतील भाव ओळखणारें यंत्र, वैद्यकीय किंवा सुरक्षिततेचें कारण असल्याखेरीज, तेथें वापरतां येत नाहीं. आपल्याकडे सन २०२५ च्या नोव्हेंबरांत केंद्र सरकारनें याविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, पण तीं म्हणजे कायदा नव्हे. न्यायालयें मात्र हाताशीं असलेल्या कायद्यानें वाट काढीत आहेत. जुलै २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्रानें केलेली नक्कल थांबविणारा अंतरिम हुकूम दिला. मनुष्याचा आवाज हाहि त्याच्या मालकीचा, तो परवानगीवांचून उचलतां येत नाहीं, असा त्याचा भावार्थ आहे. हा न्याय गायकाच्या आवाजास लागूं, तर वर्गांतील सोबत्याचा चेहरा दुसऱ्याच चित्रावर बसवून हंसणाऱ्या मुलांनींहि त्यापासून धडा घ्यावा.

शेवटीं आमच्या घरचें. या वर्षीं वर्गाच्या याद्या फोनवरून पाठविणें आम्ही बंद केलें आहे. गुण ज्याचे त्यास, बंद लखोट्यांत दिले. प्रस्तुत वार्षिकांत ज्या मुलांचीं छायाचित्रें आहेत त्यांच्या पालकांची लेखी परवानगी घेतली आहे. छापील अंकास नवा कायदा लागूं होत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे, तरी हाच अंक इंटरनेटवर चढविला कीं तो लागूं होतो. आणि कायदा असो वा नसो, विचारावयास काय हरकत आहे? परवानगीचा कागद फिरविला तेव्हां सात पालकांनीं "नको" असें लिहून दिलें. त्या सात जागा छायाचित्रांच्या पानांवर रिकाम्या दिसत नाहींत, कारण तेथें दुसरीं चित्रें बसविलीं आहेत, पण आम्हांस त्या ठाऊक आहेत.

आमच्याकडे आलेले ते गृहस्थ नंतर पुन्हां भेटले. मुलगी पुरवणी परीक्षेंत उत्तीर्ण झाली होती. ही बातमी आम्ही येथें त्यांच्या व तिच्या संमतीनें, आणि दोघांचेंहि नांव न घेतां, देत आहों.