डोंगर नंतर, मुरूम आधी

भाऊच्या धक्क्यावरून सायकल घेऊन लाँचने उरणच्या मोरा बंदरात उतरलेल्या नवख्याची नजर आधी द्रोणागिरी डोंगरावर जाते. माउंटन बायकिंग म्हणजे डोंगरावरून सुसाट खाली येणं, हाच त्याचा समज. पण नावात डोंगर असला तरी शिकायला लागते ती कच्ची वाट. उरणच्या आसपास मुरमाचे रस्ते आहेत, खाजणांचे बांध आहेत. अशा सपाट, ओबडधोबड जागी पायी चालण्याच्या वेगाने सायकल तोलून धरता आली, की पुढचं निम्मं काम झालं. द्रोणागिरीच्या परिसरात ओएनजीसी आणि नौदलाच्या हद्दी आहेत, म्हणून दिसेल त्या वाटेला लागू नका. आधी गावात विचारा.

दुसरा गैरसमज सायकलीच्या किमतीचा. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या तरुणांनी हा खेळ रुजवला, तो जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर. उतारावर ब्रेक इतके तापत, की मागच्या हबमधलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. आज सुरुवातीला पुढे शॉकअप, मागे काही नाही, अशी साधी सायकल पुरते. दोन्हीकडे शॉकअप असलेली स्वस्त सायकल मला तरी कुणाला सुचवावीशी वाटत नाही: ती जड असते आणि पॅडल मारताना मागचा शॉकअप दबून तुमचा जोर खातो. वाचलेल्या पैशांत आधी नीट बसणारं हेल्मेट घ्या.

सर्वांत घातक समज मात्र ब्रेकचा आहे. ‘पुढचा दाबू नकोस, उलटा पडशील’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ब्रेक लागला की वजन पुढे झेपावतं आणि मागचं चाक हलकं होतं. नुसता मागचा दाबला तर ते चाक मुरमावर फरफटत जातं, सायकल थांबत नाही. थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. माणूस उलटा पडतो तो ब्रेक झटक्याने दाबल्याने आणि हात ताठ ठेवल्याने. म्हणून सीटवरून उठा, दोन्ही पॅडल एका पातळीत आणा, कोपर वाकवा, बूड मागे न्या आणि दोन्ही ब्रेक एक-दोन बोटांनी हळूहळू आवळा. वळणाआधीच वेग उतरवा. मोकळ्या खडीवर वळताना पुढचा ब्रेक दाबला की चाक निसटलंच. हा सराव रोज दहा मिनिटं करा, अगदी कंटाळा येईपर्यंत.

टायर टणक हवेत, हाही डांबरी रस्त्याचा नियम. कच्च्या वाटेवर थोडी कमी हवा असली की टायर जमिनीला धरून राहतो. मात्र फार कमी केली तर दगडावर ट्यूब रिंगमध्ये चिमटून पंक्चर होते. टायरवर छापलेली किमान मर्यादा ओलांडून खाली जाऊ नका.

पावसाळ्यातच खरी मजा, असंही म्हणतात. शेवाळलेल्या दगडावर नवख्याचं काही चालत नाही, आणि ओल्या पायवाटेवर चाकांनी पडलेल्या चरांतून पाणी माती वाहून नेतं. पाणथळ जागी पक्षी उतरलेले असतील तर तिकडे सायकल घालूच नये.

घरी आल्यावर जोरदार फवाऱ्याने सायकल धुणं हीदेखील चूकच. पाणी बेअरिंगमध्ये घुसून ग्रीस धुऊन काढतं. खाजणाचा चिखल खारा असतो, चेन लवकर गंजवतो. साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवा, कापडाने कोरडी करा आणि त्याच संध्याकाळी चेनला तेल द्या.