भाताचे माप : मधुमेह आणि आपले ताट



समाजातील मंगल परिणय असो, पुण्यानुमोदन असो की जयंतीचे जेवण असो, अलीकडे पंगतीत एक गोष्ट वारंवार नजरेस येते. वाढपी भाताची परात घेऊन आला की कोणाचा तरी हात पानावर आडवा होतो. "मला नको, शुगर आहे." शेजारचे हळहळतात. आणि थोड्या वेळाने तीच व्यक्ती "आजच्या दिवस" म्हणून दोन जिलब्या मागून घेते. हा आडवा हात आणि या जिलब्या, दोन्ही पाहून आम्हास हा लेख लिहावासा वाटला. आम्ही डॉक्टर नव्हे, बँकेत कारकुनी करणारे कलाशाखेचे पदवीधर आहोत. परंतु घरात हा आजार आल्यावर जे वाचले, तज्ज्ञांना विचारले आणि वाटी हातात घेऊन मोजले, ते समाजापुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे असे आम्ही मानतो.

श्रीमंतांचा रोग?

मधुमेह हा बसून खाणाऱ्या शेटजींचा रोग, कष्टकऱ्यांना तो कशाला होईल, ही समजूत आपल्यात अजून आहे. ती खोटी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि त्याच्या उंबरठ्यावर असलेल्यांची संख्या त्याहूनही अधिक, म्हणजे १३ कोटी ६० लाखांच्या घरात आहे.

या बाबतीत आपल्या पुणे जिल्ह्यातच मोठे काम झाले आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती माता व त्यांची बालके यांचा अभ्यास केला. इंग्लंडमधील बालकांशी तुलना करता आपली बालके वजनाने पाऊण किलोने कमी भरली. तिकडे साधारण ३.५ किलो, तर इकडे २.७ किलो. पण कमी होते ते स्नायू. चरबी त्या मानाने टिकून होती. दिसायला काटकुळे आणि आत चरबी, अशी ही शरीराची ठेवण. अशा शरीरास पुढे पोटभर अन्न व बैठे काम मिळाले की मधुमेह लवकर गाठतो. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाने तर या गोष्टीचा अधिकच विचार केला पाहिजे.

आमच्या घरची गोष्ट

आमचा भोंगवलीचा भाग भोर तालुक्याच्या पूर्व अंगाचा. पाऊस बेताचा, म्हणून जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी. पश्चिमेकडे हिर्डस मावळात आणि वेल्ह्याच्या डोंगरात मात्र पाऊस मुसळधार, तेथे भात आणि नाचणी. आमच्या मातोश्रींचे माहेर वेल्ह्याकडचे. भात लावणीच्या चिखलात त्यांचे बालपण गेले. पण लावणी करणाऱ्याच्या पानात अख्ख्या तांदळाचा भात सणासुदीलाच. एरवी कण्या. म्हणून पुढे घरात पगार येऊ लागल्यावर दोन वेळचा पांढरा भात ही त्यांच्या दृष्टीने निव्वळ चव नव्हती. आपले दिवस पालटले, याची ती खूण होती.

काही वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. कोणीतरी सांगितले, "भात म्हणजे विष, आजपासून बंद." आम्ही ते शब्दशः पाळले. त्या म्हणाल्या, "आरं बाबा, भाताबिगर जेवल्यागत वाटत न्हाय." आम्ही ऐकले नाही. महिनाभराने तपासणी केली तर साखर पूर्वीपेक्षाही जास्त! चौकशीअंती दोन गोष्टी उघडकीस आल्या. भात बंद म्हणून त्या एकेऐवजी तीन भाकरी खात होत्या, आणि सर्व निजल्यावर पातेल्यातला भात चोरून खात होत्या. ज्या माउलीने स्वतः कण्या खाऊन आम्हास शिकविले, तिला आमच्याच घरात भात चोरून खावा लागावा, याची लाज आजही आमच्या मनातून जात नाही. चूक त्यांची नव्हती, आमची होती.

राजा प्रसेनजित आणि द्रोणभर भात

त्या सुमारास संयुत्त निकायातील एक सुत्त आमच्या वाचनात आले. त्याचे नाव दोणपाक सुत्त. कोसलचा राजा प्रसेनजित एका वेळी द्रोणभर तांदळाचा भात कालवणांसह खात असे. एकदा असा जेवून, धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याची अवस्था पाहून एक गाथा म्हटली. तिचा आशय असा, की जो सावधपणे, मिळालेल्या अन्नाची मात्रा जाणून जेवतो, त्याच्या वेदना कमी होतात व त्याला म्हातारपण सावकाश येते. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणास ती गाथा पाठ करावयास लावली आणि आपण जेवावयास बसलो की ती म्हणत जा, रोज शंभर कहापण देईन, असे सांगितले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले.

यात तीन बोध आहेत. भगवंतांनी राजास भात सोड असे म्हटले नाही, मात्रा ओळख असे म्हटले. राजा एका दिवसात नव्हे, क्रमाक्रमाने खाली आला. आणि त्याला आठवण करून देणारे माणूस जेवताना जवळ होते, दटावणारे नव्हे. हाच मध्यम मार्ग. श्रीलंका, म्यानमार, थायलंड, जपान या बौद्ध परंपरेच्या देशांतही भात हेच मुख्य अन्न आहे. पण जपानी माणसाच्या पारंपरिक जेवणात एक लहान वाडगा भात आणि भोवती मासळी, सोयाबीनचे पदार्थ, भाज्या, सूप. आपल्याकडे भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाचा ओघळ. फरक आहे तो मापात व सोबतीत.

हिशेब वाटीचा

भातात मुख्यतः पिष्ट असते. पचनानंतर त्याची साखर बनून ती रक्तात येते. निरोगी माणसात इन्सुलिन ती पेशींत पोहोचविते. मधुमेहात इन्सुलिन अपुरे पडते किंवा त्याचा प्रभाव पडत नाही, म्हणून साखर रक्तात साचते. बँकेच्या भाषेत बोलायचे तर जमा भराभर होते, पण खर्च होत नाही.

आता मोजू. ३० ग्रॅम कच्च्या तांदळाचा शिजून साधारण एक लहान वाटी भात होतो. त्यात सुमारे २३ ग्रॅम पिष्ट. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे २० ग्रॅम. आणि ६० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सुमारे ४० ग्रॅम! म्हणजे एक चांगली हातभर भाकरी जवळजवळ पावणेदोन वाट्या भाताच्या बरोबरीची. भाकरीत तंतू जास्त म्हणून ती सावकाश पचते हे खरे, पण ती मोफत नाही. आमच्या मातोश्रींच्या तीन भाकरींचे गणित येथे सुटले. नाचणीचेही तसेच. भाकरी ठीक, पण बारीक पिठाची पातळ आंबील साखर भराभर वाढविते.

कोणता तांदूळ?

मावळपट्ट्यात आज इंद्रायणीचा बोलबाला आहे. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेला हा वाण आंबेमोहर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून झाला. सुवास उत्तम, पण भात मऊ व चिकट. सर्वसाधारणपणे चिकट शिजणारा भात लवकर पचून साखर लवकर वर नेतो, मोकळा शिजणारा त्या मानाने सावकाश. म्हणून इंद्रायणी खाऊ नये असे नाही. वाटी लहान घ्यावी आणि गिच्च शिजवू नये. वरंधा घाट उतरून महाडकडे गेलो की उकडा तांदूळ मिळतो, तो आणि हातसडीचा तांदूळ पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा बरा.

काही गैरसमजही काढून टाकू. मांड काढला की भातातली साखर जाते, हे खरे नाही. बहुतेक पिष्ट शितातच राहते. 'शुगर-फ्री' म्हणून विकला जाणारा तांदूळ पिष्टाविना नसतो. भात थंड केल्यावर त्यातील काही पिष्ट सावकाश पचणारे बनते, हे खरे आहे, पण फायदा बेताचाच. शिवाय रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताने पोट बिघडते. फोडणीचा भात करायचा तर उरलेला भात लवकर निववून फ्रीजमध्ये ठेवावा.

ताट कसे वाढावे

अर्धे ताट भाज्यांचे : मेथी, गवार, दोडका, काकडी, पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, करटुली. पाव ताट प्रथिनांचे : हुलग्याचे पिठले, मटकीची उसळ, घट्ट वरण, अंडी, मासळी, कोंबडी. सुकट-बोंबील चालते, मात्र रक्तदाब असल्यास मीठ धुऊन काढावे. उरलेल्या पाव ताटात भात किंवा भाकरी. दोन्ही हवे असतील तर दोन्ही अर्धे. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डाळी व मासळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आधी भाजी-उसळ खावी, भात शेवटी. याने जेवणानंतरची साखर कमी चढते, असे अभ्यासांत दिसले आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे. महामार्गालगतच्या चायनीज गाड्यांवरील फ्राइड राइस व नूडल्स हे तरुणांचे आवडते खाणे. एका प्लेटमध्ये भात तीन-चार वाट्यांचा सहज भरतो आणि मंच्युरियनचे गोळे मैदा-कॉर्नफ्लोअरचे असतात. घरी एक वाटी भात, दोन वाट्या कोबी-गाजर-फरसबी आणि एक अंडे घालून तोच पदार्थ करता येतो.

जमल्यास ग्लुकोमीटरने जेवणापूर्वी व जेवणास सुरुवात केल्यापासून दोन तासांनी साखर पाहावी आणि वहीत लिहावी. बहुतेक प्रौढांसाठी जेवणापूर्वी ८० ते १३० व नंतर १८० च्या आत, असे उद्दिष्ट ठेवतात. वृद्धांसाठी डॉक्टर ते थोडे सैल करतात. आपल्या शरीराला किती वाट्या झेपतात, हे ही वहीच सांगते.

उपोसथ, गोळ्या आणि पाय

वर्षावासात व पौर्णिमेला अष्टशील घेणारे उपासक-उपासिका दुपारनंतर जेवत नाहीत. ही श्रद्धा आदरणीय आहे. परंतु इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेऊन पुढचे जेवण चुकविल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी, गोंधळ ही त्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली गेल्यास लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता दवाखाना गाठावा. म्हणून उपोसथापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शील पाळताना शरीराला इजा करून घ्यावी, असे धम्म सांगत नाही. आणि पाचवे शील तर येथे औषधच आहे, कारण गोळ्यांवर मद्य घेतल्यानेही साखर एकदम घसरते.

कोणाच्या जडीबुटीच्या पुडीवर विसंबून गोळ्या मनाने बंद करू नयेत. रात्री झोपण्यापूर्वी तळपाय पाहावेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, शेताच्या चिखलात काटा रुतला तरी कळत नाही आणि लहान जखम बोट घेऊन जाते. तीस वर्षांवरील प्रत्येकाने सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी.

बाबासाहेबांचे स्मरण

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः मधुमेहाने पीडित होते. पायांच्या वेदनांनी त्यांना झोप लागत नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, स्वतः डॉक्टर असल्याने त्यांचे पथ्यपाणी व औषधोपचार पाहत. अशा देहानिशी त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहिला आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत, तोच ६ डिसेंबरला ते गेले. त्यांच्या काळी घरच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र नव्हते. आपल्याकडे ते आहे. ते असूनही आपली माणसे अवेळी दृष्टी, पाय आणि मूत्रपिंड गमावत असतील, तर तो आपला हलगर्जीपणा होय.

आमची संस्थेस नम्र सूचना आहे, की विहारात बुद्ध पौर्णिमेला खीरदान जरूर व्हावे, पण मधुमेही बंधू-भगिनींसाठी एक पातेले कमी साखरेचे असावे व वाटी लहान असावी. सामुदायिक भोजनात भाताच्या आधी उसळ-भाजी वाढावी. वर्षातून एकदा विहारात रक्तशर्करा तपासणी शिबिर भरवावे.

मातोश्री आज दुपारी एक वाटी भात जेवतात, सपाट भरलेली, शिगेची नव्हे. ती वाटी आम्ही वेगळी काढून ठेवली आहे. आमची धाकटी मुलगी जेवताना त्यांच्याजवळ बसते आणि वाटी भरून देते. तिला आम्ही घरात सुदस्सन म्हणतो. शंभर कहापण मात्र अजून कोणी दिलेले नाहीत!

सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय! जयभीम!