राजा मागणाऱ्यांना दाखवलेला हिशेब

इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात कनान देशाच्या डोंगराळ मुलखात राहणाऱ्या इस्राएली वंशांना राजा नव्हता. बायबलच्या कथनानुसार संकटकाळी ‘शास्ते’, म्हणजे न्यायनिवाडा करणारे आणि प्रसंगी लढाईत पुढे होणारे पुढारी, उभे राहत. या परंपरेतला शेवटचा शास्ता शमुवेल वृद्ध झाला आणि बैर-शेबा येथे न्यायदानासाठी नेमलेले त्याचे दोघे मुलगे लाच खाऊ लागले, तेव्हा वडीलजनांनी रामा या गावी येऊन इतर राष्ट्रांसारखा राजा नेमून द्यावा, अशी मागणी केली. तक्रार रास्त होती आणि कथाकारानेही ती झाकलेली नाही.

या मागणीला शमुवेलाने दिलेले उत्तर ‘पहिले शमुवेल’ या पुस्तकाच्या 8 व्या अध्यायात आहे, आणि ते एखाद्या महसुली यादीसारखे वाटते. राजा मुलांना रथांवर व घोड्यांवर नेमील, रथापुढे धावायला लावील, त्यांच्याकडून आपली शेते नांगरून व कापून घेईल. मुलींना सुगंधी द्रव्ये करायला, स्वयंपाकाला आणि भाकरी भाजायला नेईल. उत्तम शेते, द्राक्षमळे व जैतुनाच्या बागा काढून आपल्या सेवकांना देईल, धान्याचा आणि शेरडामेंढरांचा दहावा हिस्सा घेईल. राजा दुष्ट निघेल, असे शमुवेल कुठेही म्हणत नाही. दरबार, सैन्य आणि कोठार चालवायचे तर कोणाही राजाला हे करावेच लागेल, हा त्याच्या बोलण्याचा रोख आहे. सीरियाच्या किनाऱ्यावरील उगारित या प्राचीन नगरात सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरही राजाने सेवकांना जमिनी दिल्याचे आणि प्रजेकडून कर व श्रम घेतल्याचे उल्लेख असल्यामुळे, ही यादी शेजारच्या राज्यांतील प्रत्यक्ष व्यवहारावरून घेतली असावी, असे काही अभ्यासक मानतात, तर इतरांना तीत पुढे इस्राएलचा राजा झालेल्या शलमोनाच्या कारभाराची आठवण दिसते.

हा इशारा ऐकूनही लोकांनी राजा मागून घेतलाच. शलमोनाच्या वैभवाचे वर्णन करताना ‘पहिले राजे’ हे पुस्तक खर्चाचे आकडेही नोंदवते. राजवाड्याला रोज 30 कोर सपीठ, 60 कोर पीठ, 30 बैल आणि 100 मेंढरे लागत (कोर हे धान्याचे मोठे माप), आणि ही रसद पुरवण्यासाठी देशाचे 12 विभाग करून प्रत्येकावर वर्षातला एकेक महिना सोपवलेला होता. शलमोनाने बांधलेल्या मंदिराच्या लाकडासाठी 30,000 माणसे वेठीला धरली गेली, म्हणजे त्यांच्याकडून सक्तीचे श्रम करून घेण्यात आले. त्यांपैकी 10,000 जण पाळीपाळीने महिनाभर लबानोनात आणि पुढले दोन महिने घरी असत. पेरणीच्या महिन्यात पाळी आलेल्याच्या शेताचे काय होई, हे ग्रंथ सांगत नाही. मंदिराला 7 वर्षे लागली, तर राजाच्या स्वतःच्या वाड्याला 13. इस्राएल लोकांना दास केले नव्हते, असेही याच पुस्तकात पुढे म्हटले आहे. ते विधान वेठीच्या आकड्यांशी सहज जुळत नाही.

हे ओझे हलके करावे, अशी विनंती घेऊन लोक शलमोनाच्या मृत्यूनंतर शखेम येथे त्याचा मुलगा रहबाम याच्याकडे गेले. वृद्ध मंत्र्यांनी नमते घेण्याचा सल्ला दिला. बरोबरीच्या तरुणांचे ऐकून रहबामाने मात्र बापाच्या चाबकाऐवजी आपण विंचू वापरू, अशी धमकी दिली. वर समजूत घालायला त्याने पाठवले ते वेठीवरच्या अधिकाऱ्याला, अदोरामाला, आणि लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. इसवी सनापूर्वी 930 च्या सुमारास राज्य दुभंगले. उत्तरेकडच्या वंशांनी राजा केलेला यराबाम हाही पूर्वी शलमोनाच्या वेठीवरचाच मुकादम होता.

पण वेगळे होऊनही उत्तरेच्या वाट्याला राजेच आले. त्यांची राजधानी असलेल्या शोमरोन येथे 1910 साली हार्वर्ड विद्यापीठाच्या उत्खननात इसवी सनापूर्वी आठव्या शतकातील शाईने लिहिलेली खापरे सापडली, ज्यांवर राज्यवर्ष, गाव आणि माणसांची नावे देऊन जुन्या द्राक्षारसाच्या व शुद्ध तेलाच्या बुधल्यांची नोंद आहे. हा माल कर म्हणून आला, की राजाने दरबाऱ्यांना दिलेल्या जमिनींचे ते उत्पन्न होते, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शमुवेलाच्या यादीत मात्र दोन्ही बाबी आहेत.