धुरात उरलेला प्राणवायू

गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, हे आपण सगळेच विचारतो. पण एका लिटरमागे ती हवा किती खाते? जवळजवळ नऊ हजार लिटर! हिशोब सोपा आहे. लिटरभर पेट्रोल भरतं साधारण ७४० ग्रॅम. ते पुरतं जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, म्हणजे अकरा किलोच्या आसपास. आणि घनमीटरभर हवेचं वजन जेमतेम १.२ किलो. इंजिनात जे जातं, त्यात पेट्रोल खरं तर चवीपुरतंच.

मग इंजिन कायम १४.७ वरच चालवावं का? नाही, आणि इथेच गंमत सुरू होते. पूर्ण ताकद हवी असेल तर साडेबारा-तेराच्या घरात यावं लागतं, म्हणजे मिक्स्चर थोडं रिच. सिलिंडरमध्ये मावते तेवढीच हवा मावते. तिच्यातला प्राणवायू वाया जाऊ नये म्हणून पेट्रोल थोडं सढळ हाताने द्यायचं. शिवाय जादा पेट्रोल वाफ होता होता आतली उष्णताही शोषून घेतं. उलट, पेडल तळाला टेकवलेलं असताना मिक्स्चर लीन झालं, तर नॉकिंग सुरू होतं आणि पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

जुने फिटर प्लग काढून बघायचे. काजळी धरली असेल तर रिच, पांढराफटक असेल तर लीन, फिकट तपकिरी असेल तर झकास. ही विद्या अस्सल आहे, पण प्लग सांगतो तो सगळ्या प्रवासाचा गोळाबेरीज हिशोब. चार सिलिंडरचं इंजिन ६,००० आरपीएमला सेकंदाला दोनशे स्फोट करतं. चार हजारावर ओव्हरटेक मारताना नेमकं काय झालं, हे प्लगला कसं कळणार?

ते डॅशबोर्डवरच्या मुठीएवढ्या एएफआर, म्हणजे हवा-इंधन गुणोत्तराच्या, गेजला कळतं. आणि कळतं कसं, ते बघा. त्याचा सेन्सर हवेच्या वाटेवरही नसतो आणि पेट्रोलच्याही नाही. तो बसतो पार मागे, एक्झॉस्टच्या पाइपात. पंगत उठल्यावर काय उरलं आणि कशाला कमी पडलं, एवढ्यावरून स्वयंपाकाचं प्रमाण ओळखणारा आचारी असावा, तसा तो फक्त धुरात उरलेला प्राणवायू बघतो आणि आत काय शिजलं होतं ते सांगतो.

त्याच्या पोटात असते झिर्कोनियाची चिनीमाती, थोडं यिट्रियम मिसळलेली. त्या मिसळीमुळे तिच्या स्फटिकात प्राणवायूच्या काही जागा रिकाम्या राहतात. माती तापली, की प्राणवायूचे आयन त्या रिकाम्या जागांवरून उड्या मारत पलीकडे जातात. घट्ट, भाजलेल्या मातीतून! एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या प्राणवायूत जितकी तफावत, तितका व्होल्टेज जास्त. हे गणित मांडलं जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर नर्न्स्ट यांनी, १८८९ मध्ये. पुढे त्यांनी याच जातीच्या मातीचा दिवा केला. तोही आधी तापवल्याशिवाय पेटत नसे. नर्न्स्टना मोटारींचा भारी शौक. पण आपली माती एक दिवस मोटारीच्याच धुरात जाऊन बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही नसणार. १९७६ साली बॉशचा असा सेन्सर व्होल्वोच्या गाड्यांत आला, तोवर नर्न्स्टना जाऊन जवळजवळ तीन तपं उलटली होती.

पण या पहिल्या सेन्सरला हो किंवा नाही एवढंच बोलता येई. १४.७ च्या अलीकडे ०.९ व्होल्ट, पलीकडे ०.१, मध्ये नुसती उडी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सांभाळायला तेवढं पुरतं, ट्यूनिंगला नाही. मग इंजिनिअरांनी काय करावं? त्यांनी तीच माती उलटी वापरली! तिच्यातून वीज सोडली, तर ती प्राणवायूचा पंप होते. वाइडबँड सेन्सरमध्ये एक इवलासा कप्पा असतो. त्यात धूर शिरला, की पंप प्राणवायू बाहेर काढून किंवा आत ढकलून तो कप्पा सतत काट्यावर ठेवतो. त्यासाठी किती करंट लागला आणि कोणत्या दिशेने, तेच आपलं मोजमाप. मोजायची गोष्ट आधी मिटवून टाकायची आणि मिटवायला किती कष्ट पडले ते मोजायचं. मला तर या सगळ्या यंत्रात हीच युक्ती सर्वांत देखणी वाटते.

आता ट्यूनिंग. ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, इंधनाचा तक्ता असतो: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा. समजा ४,००० आरपीएम, फुल थ्रॉटलच्या चौकटीत ६० आहे. हवं होतं १२.८, काटा दाखवतोय १४. मग ६० गुणिले १४ भागिले १२.८, म्हणजे ६५.६. आकडा भरा, पुन्हा तीच खेच द्या, काटा जागेवर येतो. चौकटीमागून चौकट, गाडी जागेवरच पळवणाऱ्या डायनोवर हे काम चालतं.

मात्र काटा चकवतोही. सिलिंडर मिसफायर झाला, तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला प्राणवायू दोन्ही धुरात येतात. सेन्सर बघतो प्राणवायू आणि ओरडतो: लीन! भोळा ट्यूनर आणखी पेट्रोल ओततो. खरं तर प्लग बदलायचा असतो. सेन्सरच्या आधी गॅस्केट लीक असली तरी हाच घोळ. बाहेरची हवा आत ओढली जाते आणि इंजिन उगीच बदनाम होतं.

आणि आता पंपावरचं ई-२०. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच प्राणवायू असतो, त्यामुळे त्याला फक्त नऊपट हवा पुरते. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला लागते साडेतेरा पटीच्या आसपास. मग सगळं बरोबर जुळलं, की गेज साडेतेरा दाखवेल? छे! १४.७ च दाखवेल. कारण त्याला कळतं ते एवढंच, की प्राणवायू गरजेपेक्षा किती उरला किंवा किती कमी पडला. हीच लॅम्डा, नेमकं जुळलं की १. त्या लॅम्डाला तो १४.७ ने गुणून आकडा दाखवतो, मग टाकीत काहीही असो. म्हणूनच हे इथेनॉल मिसळलेलं इंधन भरून फुल थ्रॉटलला १२.८ दिसलं, तर आत खरं गुणोत्तर पावणेबाराच्या जवळ असतं, आणि तरी ट्यूनिंग अगदी बरोबर असतं.